चाकोरी, पाटे आणि तीन इंच

"पिकअप उंच करायची म्हटलं तर किती खर्च येईल?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. तिघेही चुडाव्याच्या आसपासचे, तिघांकडेही जुनी, टू व्हील ड्राइव्ह पिकअप. इंजिनिअर आहे म्हटल्यावर याला मोटर, मोबाइल, सोलर पंप सगळंच कळतं असं गावाकडे धरून चालतात. मी दिवसभर जावा लिहितो हे कोणाला सांगणार? असो. तिघांनीही युट्यूबवर अमेरिकेतल्या त्या राक्षसी पिकअप पाहिल्या होत्या. एक किट येतं, दोन दिवसांत बसतं आणि गाडी सहा इंच वर जाते. हेच आपल्याकडे का होऊ नये?

उत्तर शोधायला बसलो आणि लिफ्ट किटवरून थेट बैलगाडीवर पोचलो. इतिहास हा माझा विषय नाही, पण शनिवार-रविवार मोकळे होते.

आधी जागा सांगतो. चुडावा पूर्णा तालुक्यात, परभणी जिल्ह्याच्या नांदेडकडच्या टोकाला. पूर्णा-नांदेड रेल्वेने जाताना पूर्णा सोडलं की लगेच चुडाव्याचं स्टेशन लागतं. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, हळद, थोडा ऊस. आणि माती काळी. ही माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि जुलैत पायातली चप्पल जमीन ठेवून घेते. पाऊस उघडल्यावर वाफसा येईपर्यंत शेतात बैलसुद्धा घालत नाहीत, तिथे दीड टनाच्या गाडीचं काय घेऊन बसलात.

या मातीवरून माल न्यायचा कसा, हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. दख्खनमधलं पहिलं उत्तर होतं चाकच नको! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लांबची मालवाहतूक मुख्यतः लमाणांच्या तांड्यांवर चालायची. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी. ग्राउंड क्लिअरन्सच्या भाषेत बोलायचं तर बैलाच्या पोटाखाली जेवढी जागा असते तेवढी आजही कुठल्या गाडीखाली नाही. :) तरीही पावसाळ्यात सगळं थंडावायचंच. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं यामागे मुहूर्त असेल तो असेल, पण तोवर चिखल वाळलेला असायचा हे कारण मला जास्त पटतं.

गाड्या नव्हत्या असं नाही. पण कशा होत्या हे मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत वाचलं तेव्हा मी चाट पडलो. आपल्या डोळ्यांसमोर जी बैलगाडी येते, उंच चाकं, सडपातळ आरे, लोखंडी धाव, ती अनादी काळापासून तशीच आहे असं मला वाटायचं. तसं नाही. पुणे-सोलापूर भागात १८३० च्या दशकापर्यंत ज्या थोड्याफार गाड्या होत्या त्यांची चाकं भरीव होती, लाकडाची आणि काही ठिकाणी चक्क दगडाची. बुटकी, जड, आणि ओढायला एक जोडी पुरायची नाही. तेव्हा नव्या जमीन मोजणीच्या कामावर गेसफर्ड नावाचा एक लेफ्टनंट होता. त्याने सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि एका जोडीने ओढता येईल अशी हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी तयार करवली. त्या भागात ती पसरत गेली, मग गावोगावचे सुतार-लोहार तशी बनवायला लागले. ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणतो ती गाडी निदान त्या पट्ट्यात तरी रेल्वेपेक्षा फार तर वीस वर्षांनी मोठी आहे.

आता या गाडीकडे सस्पेन्शनच्या नजरेने बघा. स्प्रिंग एकही नाही. तुंबा, आरे, धाव, आख, त्यावर थेट साटा. चाकाचा व्यास साडेचार-पाच फूट, म्हणजे आख जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर. गाडीचा सगळ्यात खालचा भाग तोच, त्यामुळे त्याच्या खाली दोन फुटांहून जास्त मोकळी जागा. मोठ्या चाकाचा दुसरा फायदा म्हणजे खड्ड्यात ते कमी उतरतं आणि निघतानाही कमी जोर लागतो. उंची चाकातून येत होती, पाट्यातून नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोटा होता धावेत. लोखंडाची ती दीड-दोन इंची पट्टी ओल्या जमिनीत सुरीसारखी उतरते. एका गाडीने आखलेल्या रेघेत दुसरी जाते, तिच्या मागे तिसरी. वर्षानुवर्षं असं होऊन वाटेत दोन खोल चर तयार होतात आणि मध्ये उंचवटा राहतो. यालाच चाकोरी म्हणतात. आपण 'चाकोरीबद्ध नोकरी' म्हणतो तेव्हा हे चित्र किती अचूक असतं ते एकदा पावसाळ्यात पांदणीत गाडी घालून पाहावं. चर दीड फूट खोल झाला तरी उंच चाकाच्या गाडीचा आख मधल्या उंचवट्याला लागत नाही. मोटारीचं पोट मात्र पहिल्यांदा तिथेच टेकतं. म्हणजे बैलगाडीने स्वतःच्या उंचीच्या मापाने रस्ता कोरून ठेवला आणि आपण त्यावर नंतर बुटक्या गाड्या आणल्या!

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन झाली. रेल्वेच्या इंजिनिअरांनी काळ्या मातीचा प्रश्न उलट बाजूने सोडवला. गाडी उंच करण्याऐवजी त्यांनी जमीनच उंच केली, भराव घालून. त्यांच्याकडे पैसा होता, एकच मार्ग होता आणि तो सगळा स्वतःच्या ताब्यात होता. शेतापासून स्टेशनपर्यंतचा तुकडा राहिला तो बैलगाडीकडे. रस्त्यावर मोटारीही आल्या. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी स्वतःची बससेवा सुरू केली. पण बस ही पक्क्या रस्त्याची गोष्ट, शेताची नाही.

आणि पक्क्या रस्त्यावर तोवर वेगळंच भांडण लागलं होतं. लोखंडी धाव खडीचा रस्ता कापत होती, आणि मोटारीच्या रबरी टायरने सुटलेली धूळ आणि बारीक खडी उडत होती. दोघं मिळून रस्त्याची वाट लावत होते. यावर विचार करायला १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, मुंबईचे बॅरिस्टर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा रस्त्यांसाठी बाजूला ठेवायला सुचवलं आणि १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला. आज पेट्रोल भरताना रस्त्यांच्या नावाने आपण जे मोजतो त्याचा खापरपणजोबा तो.

रस्ता सुधारायचा तसंच चाकही सुधारायचं, ही दुसरी बाजू. १९३० च्या दशकात बैलगाडीसाठी हवेचे टायर आले. डनलॉपचा बंगालमधला सहागंजचा कारखाना १९३६ चा. नाव इतकं चिकटलं की आपल्याकडे रबरी चाकांच्या गाडीला 'डनलॉप' असंच म्हणू लागले, मग टायर कोणत्याही कंपनीचा असो. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये तिलाच टायरगाडी म्हणतात. रुंद टायर मातीत कमी रुततो, ओढायला सोपा जातो, त्याच जोडीला जवळपास दुप्पट ओझं ओढता येतं (बैलांना कोणी विचारलं नाही, ते सोडा). पण चाकाचा व्यास आला तीन फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे आख दीड फुटाच्या खाली. उंची देऊन वजन घेतलं. माझ्या मते या भागातल्या वाहनांचा सगळा इतिहास या एका सौद्यात आहे. नंतर प्रत्येक वेळी हाच सौदा झाला, फक्त भाव बदलत गेला.

दुसऱ्या महायुद्धातून जीप आली. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची पन्नास वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात 'गाडी' म्हणजे जीपच. युद्धातल्या मूळ विलीजचा ग्राउंड क्लिअरन्स पावणेनऊ इंच. बैलगाडीच्या दोन फुटांपुढे पावणेनऊ इंच! तरी ती चालली, कारण चारही चाकं ओढायची. पण आपल्याकडे वडापला ज्या कमांडर जीपा दिसायच्या त्यांतल्या कित्येक टू व्हील ड्राइव्ह होत्या. पुढच्या चाकांची ओढ गेली, किंमत आणि डिझेल वाचलं. पुन्हा सौदा. १९८६ ला टाटा ४०७, १९८८ ला टाटा मोबाइल २०६, मग बोलेरो पिकअप, २००५ ला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती. गाड्या जास्त वाहायला लागल्या, स्वस्त झाल्या, आणि छोट्या हत्तीपर्यंत येईतो चाकं पार बारा इंची रिमची झाली. छोट्या हत्तीने अनेक घरं उभी केली हे मी स्वतः पाहिलंय, त्याला नावं ठेवायची नाहीत. फक्त तो पांदणीसाठी बनवलेला नव्हता.

आता त्या किटकडे येऊ.

अमेरिकेत टू व्हील ड्राइव्ह पिकअप उंच करायची पद्धत रुजली ती मुख्यतः कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या वाळवंटात. तिथे १९६७ पासून बाहा द्वीपकल्पात हजार मैलांच्या आसपासची एक शर्यत होते. शर्यतीआधी मार्ग पाहून यायला जी गाडी नेत तिला प्रीरनर म्हणायचे. बऱ्याचदा ती साधी टू व्हील ड्राइव्ह पिकअप असायची, लांब हालचालीचं सस्पेन्शन बसवलेली. टोयोटाने १९९८ मध्ये टाकोमा पिकअपचं 'प्रीरनर' नावाचं मॉडेलच काढलं. उंची फोर व्हील ड्राइव्हची, ओढ फक्त मागच्या चाकांना. पण त्यांची जमीन वाळूची आणि कोरडी होती. तिथे वेगाने धक्के खायचे असतात, आपल्याकडे हळूहळू रुतायचं असतं.

किटमध्ये असतं काय? मागे पाटे असतील तर तीन मार्ग आहेत. आख आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्टने आवळायचं, किंवा एक जादा कमानदार पाटा घालायचा, किंवा पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करायची. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर लांब स्प्रिंग किंवा स्पेसर. टॉर्शन बार असेल तर त्याला पीळ वाढवायचा. याहून बरा उपाय म्हणजे चाकाचा स्पिंडल जिथे बसतो तो भागच असा बदलायचा की चाक खाली जाईल आणि बाकीची भूमिती तशीच राहील. टू व्हील ड्राइव्हमध्ये पुढे ओढणारे शाफ्ट नसतात, म्हणून पुढचं काम तुलनेने सोपं. युट्यूबवर दोन दिवसांत होतं ते यामुळेच.

पण मघाचं वाक्य आठवा. पाट्याने चासी वर जाते. आख, आणि आखाच्या मध्यभागी लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा, आहे तिथेच राहतो, कारण त्याची उंची ठरते चाकाच्या त्रिज्येवरून. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला पहिल्यांदा घासतो तो हाच गोळा. तो एक इंच वर न्यायचा तर टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवायला हवा. लिफ्टचा खरा उपयोग तेवढाच, मोठ्या टायरला आणि मडगार्डमध्ये साचणाऱ्या चिखलाला जागा करून देणं. आणि टायर २८ इंचांवरून ३० वर नेला की गिअरिंग सात टक्क्यांनी उंच होतं. चढावर, चिखलात जिथे जोर हवा तिथेच तो कमी, आणि वर स्पीडोमीटर खोटं बोलणार.

गुरुत्वमध्याचा हिशोब करून पाहिला. समजा दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य १.१ मीटरवर (कापूस किंवा कडबा भरला तर याहून वरच). अशी गाडी कागदावर साडेबत्तीस अंशांच्या आडव्या उतारावर उलटते. तीन इंच वर नेली की तोच आकडा एकतीसच्या खाली येतो. फरक छोटा वाटतो, पण हा आकडा उभ्या गाडीचा आहे. वळणावर, एक चाक चरात असताना आणि पाटे डोलत असताना हातात मुळात फार अंश उरलेले नसतात. शिवाय आपल्या पिकअपच्या हौद्यात सकाळ-संध्याकाळ काय असतं? कापूस वेचायला, हळद काढायला जाणाऱ्या बाया. उभ्या, कडेला धरून. अमेरिकेतल्या व्हिडिओत हौदा रिकामा असतो.

म्हणूनच आपल्याकडचा पाटेवाला मला त्या किटवाल्यापेक्षा जास्त रोचक वाटतो. तो गाडी उंच करत नाही, 'बसलेली' गाडी उठवतो. ओझ्याने पाट्यांची कमान गेलेली असते, तो पाटे उतरवतो, तापवून-ठोकून परत कमान देतो, मोडलेला बदलतो आणि मालकाने आग्रह केला तर वर एक जादा चढवतो. जुना पाटा फुकट जात नाही. स्प्रिंगचं पोलाद ते, त्याचा कोयता किंवा विळा होतो आणि धार टिकते म्हणून लोक 'पाट्याचा आहे का?' विचारून घेतात.

जादा पाट्यालाही किंमत असते. भरलेली गाडी ताठ राहते, पण रिकामी असताना मागचा भाग उडतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर मुळातच वजन कमी, त्यात ती उडायला लागली की चिखलात एक चाक जागेवर गरगरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. मग हौद्यात दगड टाकायचे, पोती टाकायची. उंची वाढल्यावर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात, पुढची अलाइनमेंट जाते. सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो. तो चासी आणि आख यांच्यातलं अंतर पाहून मागे किती ओझं आहे ते ठरवतो आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब देतो. अंतर वाढवलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. वर दीड टन हळद, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे! आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर बरोबर आहे, गृहीतक तुटलंय. तो दांडा नव्याने जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. तो जुळवायला लागतो हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मापांपासून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळं.

तिघांना मी काय सांगितलं? पाटे मूळ मापाचे करून घ्या, जादा घालू नका. शॉकअप बदला. मागे जाड नक्षीचे टायर घ्या, पण कंपनीने दिलेल्या मापाचेच. आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवस थांबा. शेवटचा सल्ला कोणालाच आवडला नाही. वेचलेला कापूस किंवा कापलेला भाजीपाला दोन दिवस थांबत नसतो, हे मलाही कळतं.

राहता राहिला तो रस्ता. पांदण शेकडो पावसाळे चाकांनी कोरून आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली गेलेली असते, त्यामुळे पाणी तिच्यातच येतं. दोन्हीकडून बांध सरकत सरकत ती अरुंदही होते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट देऊ शकतात, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात असे अर्ज नवीन नाहीत. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पांदण मोकळी करायची, भराव घालायचा, वर खडी-मुरूम दाबायचा. रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वी केलं तेच, फक्त पांदणीच्या मापाने. फूटभर भराव पडला तरी कोणत्याही किटपेक्षा जास्त उंची मिळते, आणि ती पिकअपला, बैलगाडीला, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सायकलला सगळ्यांना सारखीच.

मात्र भराव घातला की तो बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. खाली जागोजागी नळ टाकले नाहीत तर वरच्या अंगाच्या शेतात सोयाबीन पाण्यात उभं राहतं, चार दिवसांत पिवळं पडतं. मग एखाद्या रात्री कोणीतरी फावडं घेऊन नवा रस्ता आडवा फोडतो, आणि सकाळी पहिली पिकअप त्या चरासमोर येऊन थांबते.